लिफ्टसमोरचं शिफ्टमधलं उपोषण

आमचे बाबा उपोषणाला बसले की गाव हलायचं. मी बसलो तेव्हा फक्त माझी आतडी हलली.

मराठवाड्यातल्या आमच्या गावची विहीर सगळ्यांना खुली व्हावी म्हणून बाबांनी उमेदीची वर्षं घालवली. लाठ्या खाल्ल्या, पण कधी उलट हात उचलला नाही. (माझे गणिताचे मार्क बघूनही नाही, यावरून काय ते समजा!) शेवटी विहीर खुली झाली. ते गेले आणि वारसा म्हणून माझ्याकडे आली त्यांची सतरंजी, आणि ‘तुझ्यात त्यांचंच रक्त आहे’ हे वाक्य.

आता पुण्याजवळ मारुंजीत आम्ही पाचव्या मजल्यावर भाड्यानं राहतो. भाडेकरू लिफ्ट बिघडवतात, असं म्हणून सोसायटीनं आम्हाला लिफ्टबंदी केली. आईचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे तिचं खाली जाणंच संपलं. खालच्या बाकावर बायका गप्पा मारत बसायच्या आणि ती गॅलरीतून नुसती बघायची. माझा जीव तुटायचा. चेअरमनकाकांना विनवून झालं, अर्ज झाले. मग बाबांचं रक्त उसळलं.

बायको, सुजाता, म्हणाली, साखळी उपोषण करू, म्हणजे आळीपाळीनं बसायचं. आम्ही पडलो चाकणच्या कंपन्यांतले, आळीपाळी म्हटलं की आम्हाला शिफ्टच आठवते. फर्स्ट शिफ्ट माझी, सेकंड माझा मेहुणा संतोष याची. थर्ड शिफ्ट रद्द, कारण रात्री बघायला येतं कोण? नियमही कंपनीचाच लावला, की रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

रविवारी सकाळी भरपेट पोहे खाऊन मी लिफ्टसमोर सतरंजी टाकली. दुपारी संतोषचा फोन आला. कंपनीत त्याचाच रिलिव्हर आला नव्हता आणि त्याला ओव्हरटाइमला थांबवलं होतं. मी सुजाताला हळूच विचारलं, आता उठू का?

“मशीन सोडून कधी घरी आलात का?” ती म्हणाली. विषय संपला.

त्यात रविवार! लिफ्टचं दार उघडलं की कुठल्या ना कुठल्या मजल्यावरच्या मटणाच्या रश्शाचा वास खाली उतरायचा. (त्या वासाला लिफ्टबंदी नव्हती.) संध्याकाळपर्यंत मला समोरची कुंडीसुद्धा खाण्यासारखी दिसायला लागली.

तेवढ्यात जिन्यात कण्हण्याचा आवाज आला. बघतो तर आई, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात डबा घेऊन एकेक पायरी उतरत होती. ती शेवटच्या पायरीवरच बसली आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

“लेकरा, तुझ्या वडलांना उपाशी राहायची सवय होती. तुला कधी होती?”

पिठलं-भाकरी होती. बाबांनी हात जोडून नकार दिला असता. मी अर्धी भाकरी एका घासात कोंबली, आणि त्याच क्षणी लिफ्टमधून चेअरमनकाका बाहेर आले.

त्यांनी आधी ‘उपोषण’ लिहिलेला पुठ्ठा पाहिला, मग माझे फुगलेले गाल. मला तर गिळताही येईना. मग त्यांची नजर आईकडे गेली. ती गुडघे दाबत बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आजी, पाच मजले चालत उतरलात?”

“पोरगं उपाशी होतं,” आई म्हणाली.

काकांनी स्वतः तिला हाताला धरून लिफ्टनं घरी पोचवलं आणि खाली येऊन बंदीची नोटीस आपल्या हातानं काढली.

आता आई रोज बाकावर असते. नवऱ्यानं सासऱ्यांचा वारसा चालवला, असं सुजाता सगळ्यांना सांगते. मी मात्र अजून पाचही मजले जिन्यानंच चढतो. कारण लिफ्टमध्ये काका भेटले, की बटण दाबायच्या आधी न चुकता विचारतात, “काय, जेवण झालं का?”