फडक्याची बाजू

मैत्रिणींनो, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बारवेचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळलं की नारूची भीती नाही. ते अर्धवट होतं. ते पत्र तुमच्यात हातोहात फिरलं, म्हणून आजच घाईनं लिहिते आहे.

सकाळी वहिनीच्या पायावरचा फोड फुटला आणि नारूचा जंत पांढऱ्या सुतासारखा बाहेर आला. आमच्या घरात तर न गाळलेलं पाणी कुणी पीत नाही. मग मी आईला पाणी गाळताना पाहिलं. कालचंच फडकं तिनं हंड्यावर बांधलं, पण कालची वरची बाजू खाली करून. काल अडकलेलं सगळं आज हंड्यात गेलं.

"आई, बाजू उलटी झाली."

"फडक्याला कसली गं बाजू? तुझ्या बापानं घरी शिकवून येडी करून ठिवली तुला."

वहिनी कण्हत म्हणाली, "वन्सं, माझ्या पायातलं सूत घ्या अन् खूण घाला फडक्याला."

हसलं कुणीच नाही. वहिनीचं लेकरूही याच हंड्यातलं पाणी पितं, आणि नारू दिसायला वर्ष जातं.

तुमच्या घरी ही बाजू कोण पाहतं? माझ्या शब्दावर कितीजणी निर्धास्त राहिल्या असतील? येत्या सोमवारी सकाळी, बायका पाण्याला येतात तेव्हा, मी बारवेवर जाऊन सगळ्यांना सांगणार आहे.