ढोरांच्या डॉक्टरानं तोंड उघडलं का?

बदली होऊन मी घनसावंगीला आले, त्या दिवशी भाड्याच्या खोलीत भांडी लावत होते. भिंतीपलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "अरे मुडद्या, सांग की तिला. ती काय तुझ्या दारात येऊन बसणार हाय का?" जरा वेळानं पुन्हा, "गेली ना आता बस? बस आता बोंबलत." मला वाटलं, नवऱ्याला नाहीतर मुलाला झापणं चाललंय. भांडण सोडवावं म्हणून डोकावले, तर ओट्यावर एकट्या केशरकाकू बसलेल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर कादंबरी, आणि शिव्या चालल्या होत्या त्या कादंबरीतल्या हिरोला. मला बघून म्हणाल्या, "ये मास्तरीण, बस. हे येडं पुढच्या पानावर सुधरतंय का बघू."

काकूंच्या तोंडाला गल्ली टरकून होती. दुधात पाणी घातलं तर दूधवाल्याचा सात पिढ्यांसकट उद्धार व्हायचा. पण ह्या बाईला वाचायला लागायच्या हलक्याफुलक्या प्रेमकथा, त्याही आजकालच्या, मोबाइल आणि स्कुटी असलेल्या. आणि वाचायचं ते उघड्यावर, चारचौघांना मुखपृष्ठ दिसेल असं धरून. विधवा बाई, नातवंडं झालेली, आणि हे काय वाचते, असं लोक कुजबुजायचे. एकदा भजनी मंडळातल्या एका बाईंनी समोरच सांगितलं की काकू, या वयात जरा गंभीर वाचावं. काकूंनी पानावरची नजर न काढता उत्तर दिलं, "रडायला पुस्तक कशाला लागतंय? घर हाय की."

मी शनिवारी अंबडच्या वाचनालयात जायची, म्हणून पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठी शिकवते. सुरुवातीला शहाणपणा करून एक बक्षीसवाली कादंबरी आणली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या उंबऱ्यावर पडलेली. "ह्याच्यात समदे मरून राह्यले. परत दे." मग मी मुकाट्यानं त्यांना हव्या तशा कादंबऱ्या आणू लागले आणि काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून वाटेत चाळू लागले. एकदा वाचण्याच्या नादात घनसावंगी आलं तरी मी उतरले नाही. ड्रायव्हर ओरडला तेव्हा कळलं. हे काकूंना सांगितलं तर त्या इतक्या खूश झाल्या की मला उपमा करून घातला.

वाचायचीही त्यांची पद्धत होती. दुपारचं जेवण आवरलं की एक प्रकरण, शेवटी चहा. कितीही उत्सुकता असली तरी दुसरं प्रकरण उद्या. एखादा प्रसंग आवडला तर तोच पुन्हा वाचायचा, आणि पुढचं कुणी सांगितलं तर खैर नाही. गोष्ट घडायला हवी लहान गावात. "मुंबईतली प्रेमं मला कळत न्हाईत," त्या म्हणायच्या. "तिथं वळखीचं कोणी आडवंच येत न्हाई. इथं पोराला पोरीशी बोलायचं म्हणलं की चार दुकानदार आधी बघतेत. तरी बोलला, मंग ते खरं." मी आयुष्यभर समीक्षा वाचली, पण कादंबरीचा इतका आनंद घेणारं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही. आनंदाच्या ओघात एकदाच त्या नवऱ्याबद्दल बोलल्या. "माझ्या मालकानं जन्मभर मला दोनच गोष्टी इचारल्या. सैपाक झाला का, अन् बैलाला पाणी दावलं का. वाईट न्हवते. पण तोंड उघडायला काय खर्चा येतो का?" आणि तेवढ्यावर त्यांनी पान उलटलं. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली. त्या मेलेल्या माणसाला जाऊन हलवावंसं वाटलं.

मागच्या थंडीत मी त्यांना एक कादंबरी आणून दिली. तालुक्याच्या गावात तहसीलसमोर एका मुलीचं झेरॉक्सचं दुकान, आणि तिथे बदलून आलेला जनावरांचा डॉक्टर. त्याला ती आवडते, पण बोलता येत नाही. म्हणून रोज येतो आणि एकाच दाखल्याची झेरॉक्स काढून घेऊन जातो. काकू त्या डॉक्टरवर जीव तोडून संतापायच्या. "नुसत्या झेरॉक्सा काढून राह्यला मुडदा. तोंड उघडंना." पुस्तक अर्ध्यावर आलं आणि काकू न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झेपणार नाही, असं दवाखान्यात म्हणाले, खाट कायमची झाली. पुस्तक धरलं की डोळ्यांतूनही पाणी यायचं. मग शाळा सुटली की मी वाचून दाखवायची. रोज एक प्रकरण, शेवटी चहा. पुढचं एकटीनं वाचणार नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता.

आता त्यांच्या मुलाबद्दल सांगते आणि गोड शब्दांत सांगणार नाही. प्रभाकरचं खतांचं मोठं दुकान आहे. गावातल्या प्रत्येक हरिनाम सप्ताहात हा पहिल्या रांगेत. शेवटची दोन प्रकरणं राहिली असताना तो खोलीत आला. मी वाचत होते, डॉक्टर दुकानात येतो, गर्दी असते, ती त्याच्याकडे बघते. प्रभाकरनं माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. म्हणाला, आईचे दिवस किती राहिलेत, कानावर काय पडलं पाहिजे याचं तरी भान ठेवा मास्तरीणबाई, उद्या लोक काय म्हणतील. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पोथी वाचायला एक बुवा बसवले. पोथीशी माझं वैर नाही. काकू स्वतः रोज देवाला फूल वाहायच्या. पण बुवा वाचायला लागले की त्या भिंतीकडे तोंड करायच्या, आणि बाहेर प्रभाकर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की आई अगदी तल्लीन होऊन ऐकते.

मी गेले की काकू एकच विचारायच्या. आवाज खोल गेला होता. "त्या ढोरांच्या डॉक्टरानं तोंड उघडलं का गं?" हो म्हणावं असं शंभरदा वाटलं. पण त्यांनी दमच दिला होता, "मनानं सांगू नको. पुस्तकात काय लिहिलंय ते सांग." त्यांना कुणी समजूत घातलेली नको होती. जन्मभर समजूतच घातली गेली होती. मी अंबडला गेले. वाचनालयात तेवढी एकच प्रत, आणि ती प्रभाकरच्या दुकानातल्या कपाटात. तशीच दुकानावर गेले आणि गिऱ्हाइकांसमोर पुस्तक मागितलं. तो हसला. म्हणाला, "देतो की. आईला बरं वाटू द्या." डॉक्टरांनी हात टेकलेत हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी दुकानात जे बोलले ते शिक्षिकेला शोभणारं नव्हतं, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. पुस्तक मिळालं नाहीच. चौथ्या दिवशी काकू गेल्या.

त्या गेल्यावर दोन दिवसांनी त्यांची सून मंगल मागच्या दारानं माझ्याकडे आली. त्या घरात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. पदराखालून पुस्तक काढून तिनं माझ्या हातात दिलं. "कपाटातून काढलं. ताई, म्याबी वाचलं शेवटपर्यंत." आणि ओठ दाबून रडायला लागली. ती गेल्यावर मी दार लावून शेवटची दोन प्रकरणं वाचली. वाचताना हसू आलं, मग आपण एकट्याच हसतोय याचा इतका राग आला की पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं. वाचनालयाचं होतं म्हणून फेकलं नाही.

दहावा गोदावरीवर झाला. बायकांनी लिंबाखाली बसायचं, पुरुषांनी घाटावर. पिंड ठेवला, कावळे झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. रिवाजाप्रमाणे, गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल ती बोलायला लागले. प्रभाकर हात जोडून म्हणाला, आई, तुझ्या नावानं पारायण करीन. कावळा हलला नाही. अन्नदान करीन. मंदिराला पायरी बसवीन. बहिणीला अंतर देणार नाही. एकेक नातेवाईक पुढे येऊन काकूंना कधीच नको असलेल्या गोष्टी कबूल करत होता. एक सोडून इतक्या माणसांतल्या कुणालाही त्या बाईला काय हवं होतं ते माहीत नव्हतं. आणि ज्याला माहीत होतं, तो पारायण बोलत होता. माझं डोकं फिरलं. मी लिंबाखालून उठले. मंगलनं माझा हात धरला. मला वाटलं अडवतेय, पण ती माझ्याबरोबरच उठली होती.

मी पिंडासमोर उभी राहिले. प्रभाकर म्हणाला, बायकांनी इकडे येऊ नये. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाले, "काकू, डॉक्टरानं तोंड उघडलं. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर बोलला. ती हो म्हणाली. लग्न झालं. मी मनानं सांगत नाही, पुस्तकात लिहिलंय."

"म्याबी वाचलंय, आत्या," मंगल सासूच्या पिंडाकडे बघून म्हणाली.

कुणीतरी तोंडावर रुमाल धरून हसलं. प्रभाकरचा चेहरा काळानिळा झाला. आणि एक कावळा खाली आला, पिंडाला चोच लावली आणि भाताचं शीत घेऊन उडाला.

आता गावात सांगतात की प्रभाकरनं पारायण बोललं म्हणून कावळा शिवला. त्यानं पारायण केलंही, मांडव घालून, आणि मांडवाच्या तोंडाशी काकूंचा हार घातलेला फोटो लावला, खाली लिहिलं, धर्मपरायण मातोश्री. माझा कावळ्यांवर बिलकुल विश्वास नाही. भूक लागली की उतरतो तो. पण पारायणाच्या नावानं केशरकाकू हलल्या, असं माझ्यासमोर कुणी म्हणून दाखवावं.