ओवाळणीत सिनेमा

आक्का गेल्याचं मला दाजींनीच फोन करून सांगितलं. ‘अरुण, तुझी आक्का गेली. गडबड करू नगंस, सावकाश ये,’ एवढंच. उभी उमेद फौजेत काढलेला माणूस, निरोपही मोजक्या शब्दांत द्यायचा... सांगलीहून पलूसजवळच्या त्यांच्या गावी पोचलो तेव्हा दारात भावकी जमली होती. कुणी काही विचारलं की दाजी म्हणायचे, ‘तुमी म्हणाल तसं.’ रक्षाविसर्जन कधी, पाहुण्यांना कळवायचं कुणी, जेवणाला काय, सगळ्याला हेच उत्तर. सख्खी बहीण गेल्याचं दुःख होतंच, पण ते ऐकून मला वेगळीच धास्ती बसली. आक्का आणि दाजी यांचा संसार एकमेकांना ‘नाही’ म्हणण्यावरच तर उभा होता. आणि त्यातलं सगळ्यात रंगणारं भांडण सिनेमा ठरवताना व्हायचं.

दाजी नोकरीत होते तेव्हा दिवाळीला सुट्टी मिळेलच असा भरवसा नसे. मिळाली की पाडव्याला आक्का त्यांना ओवाळायची, पण ताटात पैसे टाकू द्यायची नाही. ओवाळणीत तिला सिनेमा लागायचा. त्या काळी सासू-सासऱ्यांच्या देखत जोडीनं सिनेमाला जाणं बरं दिसत नसे, म्हणून भावाला फराळ पोचवायचं निमित्त. मी नुकताच सांगलीत नोकरीला लागून खोलीवर राहत होतो, दिवाळीतही गावी जाता यायचं नाही. मला फराळाचा डबाही मिळायचा आणि फुकटचा सिनेमाही. पुढं माझं लग्न झालं, नंदा आली आणि आमची दोन जोडपी झाली. आक्काचे सासू-सासरे गेले, निमित्ताची गरज उरली नाही, तरी डबा येतच राहिला.

खरं तर ओवाळणी आक्काची, तेव्हा निवडही तिचीच असायला हवी. पण दाजींचं म्हणणं, ओवाळणी देणार मी, तर काय द्यायचं ते मी ठरवणार. त्यावर आक्का एकदा आमच्या स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘आवं, साडी घेताना कवा म्हणला न्हाई, रंग मी ठरवतो म्हणून. मग सिनेमातच कसं लय कळाया लागलं?’ दाजींना मारामारीचे सिनेमे आवडायचे, आक्काला चांगला पोटभर रडवणारा लागायचा. दाजी हट्टानं लढाईचा सिनेमा दाखवायला न्यायचे आणि तिथं बसून ‘अशी धरत्यात व्हय बंदूक?’ म्हणून नटाला सुनवायचे. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. आक्का मात्र शांतपणे शेंगा सोलत बसायची. पण हे असं क्वचितच. एरवी तास-दोन तास वाद घालून दाजी टोपी नीट करत उठायचे आणि तिकीट आक्काच्या सिनेमाचं काढायचे.

एवढा काथ्याकूट करून गाठलेला सिनेमा त्यांनी कधी शेवटपर्यंत पाहिला असेल तर शपथ! आक्काच्या गोठ्यात एक म्हैस होती, ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. संध्याकाळच्या धारेला आक्का हवीच. त्यामुळं नायिका दवाखान्यात असो नाहीतर नायक तुरुंगात, वेळ झाली की आक्का पदर खोचून उठायची आणि दाजी मोटारसायकल काढायचे. राहिलेला सिनेमा गाडीवर मागं बसून आक्का सांगायची. तिच्या शेवटात कुणी मरत नसे, पण सासूला मात्र चांगली अद्दल घडायची. दुसऱ्या दिवशी मी फोन करून खरा शेवट सांगितला की ती म्हणायची, माझाच बरा होता. पुढं ती म्हैस विकली, दुसरी आणली, तीही तसलीच निघाली. नंदाचं तर ठाम मत होतं की आक्का मुद्दाम तसल्याच म्हशी निवडते.

एका पाडव्याला भांडण इतकं रंगलं की दोघांच्याही पसंतीच्या सिनेमांची तिकिटं संपली. उरला होता तो लहान मुलांचा, जनावरांच्या कार्टूनचा. आम्ही चार घोडे त्या पोराटोरांत जाऊन बसलो. त्यात एका हत्तीच्या पिल्लाची आणि आईची ताटातूट झाली, तशी आक्का रडायला लागली. मी दाजींकडं बघितलं, तर तेही रुमालानं चष्मा पुसत होते... बाहेर आल्यावर म्हणाले, ‘ह्यात फायटिंग बी हाय आन रडणं बी हाय. आदीच ह्यो बघायचा.’ आक्का एवढी हसली की तिला ठसका लागला. आजही आक्का म्हटलं की मला तीच आठवते, नाकाला पदर लावून हसणारी.

यंदा त्यांच्या घरी दिवाळी नव्हती. पाडव्याला मी दाजींना जेवायला म्हणून आमच्याकडं आणलं. जेवले, पण काय जेवले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तांदळाची खीर वाढू का, तर वाढा. राहू दे का, तर राहू दे. मनात आलं, हा माणूस असाच हो-हो करत विझून जाणार. शेवटी नंदानंच मोबाइल पुढं केला आणि लोक काय म्हणायचं ते म्हणोत, आपण सिनेमाला जायचं, असं जाहीर केलं. कुठला बघू या, म्हणून विचारलं.

‘तुमी म्हणाल त्यो,’ दाजी म्हणाले.

मग लढाईचाच बघू, नंदा म्हणाली. मीही होय म्हटलं. तसे दाजी खुर्चीत सावरून बसले.

‘न्हाई. सणासुदीचं मारामाऱ्या कशाला, म्हणली असती ती.’

मी मुद्दाम म्हटलं, दाजी, रडका सिनेमा तर तुम्हालाच खपत नाही. तर म्हणाले, नाहीच खपत, पैसे देऊन कुणी रडतं का? लगेच स्वतःच म्हणाले, पण लढाईत तरी काय बघायचं, सगळं खोटं. मग लढाईच्या सिनेमात निदान गाणी कमी असतात, हा त्यांचा मुद्दा झाला. त्यावर गाण्याशिवाय सिनेमा म्हणजे मिठाशिवाय आमटी, हा आक्काचा मुद्दाही त्यांनीच मांडला, तोही तिच्यासारखा हात नाचवत. आवाज चढला. चहा गार झाला. नंदा आणि मी एकमेकांकडं न बघता बसून राहिलो, कारण बघितलं असतं तर दोघांनाही रडू आवरलं नसतं.

शेवटी दाजी उठले आणि त्यांनी टोपी नीट केली.

‘काडा तिच्याच सिनेमाची तिकिटं,’ ते चिडून म्हणाले. ‘ती काय ऐकायची न्हाई.’