कानबाईला निघालेली गाडी

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला, आणि गाडी घेणाराही मीच पहिला. गाडी जुनी, दुसऱ्याने वापरलेली, पण माझ्या नावावर. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर जन्म काढला आणि हात थकल्यावर साक्रीकडच्या आमच्या गावी परत गेले. फोनवर त्यांचं एकच असायचं, यंदा श्रावणात घरी कानबाई देवी बसेल तेव्हा गाडी दारात उभी पाहिजे.

पण सिग्नलला थांबलं की तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायचा आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट रोज कमी व्हायचं. मी नोकरीच्या गावी, कोसाडला, घरासमोर रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरायचो. सकाळी त्यावर डाग. नुसतं पाणी असतं तर एसीचं म्हटलं असतं. हा डाग हिरवा, चिकट, गोडसर वासाचा. शेवटी खालच्या रबरी पाइपच्या क्लिपाशी वाळलेली हिरवट पापडी सापडली. पाइप, क्लिप, रेडिएटरचं झाकण, सगळं बदललं. पुठ्ठा कोरडा राहायला लागला. सचिन गावापर्यंत जाऊन आलो, काटा हलला नाही.

"आता तरी त्या पुठ्ठ्याला सुट्टी द्या," बायको म्हणाली.

श्रावणातल्या त्या रविवारी सकाळी निघालो. नवापूर मागे टाकलं आणि काटा चढला. एसी बंद करून हीटर लावला, म्हणजे इंजिनाची उष्णता आत तरी यावी. आम्ही घामाने निथळलो, काटा काही उतरेना. गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडताच बायकोचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला.

"हात नको लावू. भाजशील."

गार झाल्यावर पाहिलं. पाइप कोरडा, रस्त्यावर थेंब नाही, तरी कूलंटची टाकी रिकामी. पाणी भरून इंजिन चालू केलं, तर टाकीत बुडबुडे आणि मागून पांढरा, गोड वासाचा धूर. कूलंट आता बाहेर नाही, इंजिनाच्या आतच गळत होतं. इंजिनाच्या जोडावरचं हेड गॅस्केट गेलेलं. पुढे कोंडाईबारीचा घाट. तशीच दामटली असती तर इंजिन कायमचं बसलं असतं.

टो करणारा संध्याकाळी येतो म्हणाला. बायकोला मी साक्रीच्या बसमध्ये बसवलं.

"नैवेद्याचे रोट करायला सून तरी पोचू दे," ती म्हणाली.

सोमवारी कानबाई उठणार, म्हणजे विसर्जन, आणि माझी ड्यूटीही लागणार; मला पोचणं शक्य नव्हतं. आप्पांना फोन केला, सगळं सांगितलं.

"मग मना वाटाना रोट धाडी द्या," मी माझा वाटा मागितला.

"येडा शे का? रोट काय बाहेर धाडतस?"

खरंच आहे. कानबाईचे रोट भाऊबंदांनी घरातच खायचे, डब्यात बांधून कुठे पाठवायचे नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

मग तेच म्हणाले, "हारन तरी वाजाड."

मी फोन स्पीकरवर टाकून खिडकीबाहेर धरला आणि हॉर्न दाबला.

"ऐकू नही उनं. जोरमा वाजाड."

लूमच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेलेत. मी परत दाबला. पलीकडे आवाज फोनपासून लांब गेला, अंगणात जमलेल्यांना ते सांगत होते, "मना पोऱ्यानी गाडी शे."

मी हॉर्नवरचा हात काढला नाही.