विमानाची दोरी कुणी धरली?

"तू विमानांवर एवढं लिहितोस ना? मग ये आणि भांडण मिटव. माझं काम अडलंय." भोरहून अनघाचा फोन. ही माझी कॉलेजातली मैत्रीण, जुन्या इमारती दुरुस्त करते. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी साहेबाच्या काळातला एक दगडी बंगला आहे. विमानं नवी होती तेव्हा पाण्यावर उतरणारं एक विमान तिथं आलं होतं, असं गाव सांगतं.

सकाळीच निघालो. कापूरहोळ फाट्यापर्यंत हायवे, भोरपर्यंत रस्ता बरा. पुढे खड्डे चुकवत बसू नका, त्यातल्या त्यात बरा निवडा. मिसळ भोरमध्येच खाऊन घ्या, पुढे फक्त चहा मिळतो.

बंगला बघून जीव हरखला. भिंती चुन्यात सांधलेल्या, सागवानी वासे चढलेले. कौलं मात्र अंगणात रचलेली. कारण कौलं चढवण्याआधी नारळ फोडायचा, आणि त्याचा मान ज्याच्या पणजोबानं ते विमान काठाला बांधताना दोरी धरली त्याचा. दोन भावक्या हटून बसलेल्या. पाऊस तोंडावर, ताजा चुना भिजला तर सगळी मेहनत ओघळणार. अनघाची झोप उडाली होती.

"दोरी आमच्या पणज्यानं धरली," एका भावकीचे रामभाऊ म्हणाले.

"तुमचा पणजा इमान बघून रानात पळाला हुता," दुसरीकडचे किसनराव शांतपणे म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणे विमानतज्ज्ञ! आयुष्यात तीनदा विमानात बसलोय, तेही डोळे मिटून.

मी काठावर जाऊन आलो. दगडी धक्क्यात दोन लोखंडी कड्या होत्या, एकमेकींपासून चांगल्या लांब. म्हटलं, "तसल्या विमानांना खाली होडीसारखे दोन पाय असायचे. कड्या दोन, म्हणजे दोऱ्याही दोन असणार. एकट्याचं काम नव्हे ते."

किसनरावांनी विचार केला. "मंजी ह्यांचा पणजा रानातनं माघारी आला आसंल."

"व्हय, तुमच्याला एकट्याला जमंना म्हनून."

दोन नारळ फुटले. खोबरं तोंडात असतानाच मागून तिसऱ्याच घरातल्या शेवंताकाकू म्हणाल्या, "आन शेपूट कुणी धरलं? आमच्या मामंजींचे वडील बी हितंच हुते की." अनघानं मुकाट्यानं तिसरा नारळ मागवला.

येताना वाट वाकडी करून वेल्ह्यावरून आलो. तोरणा ढगात गेलेला, विंझरला चहा झकास.

कड्या होडीच्याही असू शकतात, हे मला तिथंच सुचलं होतं. बोललो नाही. थोडी लाज वाटते, पण आठवड्यानं अनघानं लाल कौलांचा फोटो धाडला तेव्हा फार बरं वाटलं.

बायकोनं फोटो पाहून विचारलं, "पण विमान खरंच आलं होतं का?"

"माहीत नाही. पण आता आलंच, तर अख्खं गाव दोरी धरायला धावेल, आणि एकमेकांवर डोळा ठेवून धरेल."