तनूला खरं सांगितलं ती दुपार

खरं सांगायचं तर त्या दिवसांत दत्तगुरूंवरचा माझा विश्वास डळमळला होता. धनजला माझी पिठाची गिरणी आहे. दर गुरुवारी ती दुपारीच बंद करून मी कारंज्याला दर्शनाला जायचो; लग्नानंतर क्वचितच एखादा गुरुवार चुकला असेल. तरी माझ्या तनूच्या हृदयात जन्मापासूनच दोष. सात वर्षांची पोर, पण चार पावलं पळाली की ओठ निळसर व्हायचे आणि ती अंगणात उकिडवी बसून राहायची. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन आता लांबवू नका म्हटलं, त्या गुरुवारी मी गाभाऱ्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडलेच नाहीत. जोडावेसे वाटले नाहीत.

घरी बायको दीड महिन्याची बाळंतीण, म्हणून तनूला घेऊन मी एकटाच नागपूरला निघालो. वाटेत तिनं विचारलं, "बाबा, मले टोचतीन तं नाही ना?" मी म्हणालो, "नाही वं, नुसता छातीचा फोटो काढाचा आहे. संध्याकाळी वापस येऊ." इतकं सहज खोटं बोललो की मलाच बरं वाटलं.

दवाखान्यात आधी रक्त काढलं, मग हाताला सलाईनची सुई लावली. ती रडली नाही. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "तुमी तं फोटो म्हणलं होतं." आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सिस्टरच्या हातून दूध घ्यायची, मी हात लावला की अंग चोरायची. ऑपरेशन उद्या सकाळवर आलं होतं, आणि माझी लेक माझ्याकडे पाठ करून त्याला सामोरी जाणार होती.

त्या वॉर्डातली दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. हिरव्या पडद्यांतून ऊन आत झिरपायचं आणि सगळी खोली विहिरीच्या तळाशी असल्यासारखी वाटायची. यंत्रांचे बारीक आवाज, कुठून तरी दूरवरून येणारे चपलांचे आवाज. मी स्टुलावर बसून नाम घेत होतो, पण दोन-चार वेळा घेतलं की ते तुटायचं. शेवटी मनात म्हणालो, महाराज, मला काही सुचत नाही. पुढचं तुम्हीच बोला. मग डोळा लागला की नुसताच मिटला, सांगता येत नाही.

उघडला तेव्हा पलंगाच्या पलीकडे एक म्हातारी बाई बसलेली होती. डोक्यावर पांढरी ओढणी, मांडीवर हातरुमाल. गाठी मारून ती त्याची बाहुली करत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "पोरीले खोटं कायले सांगतलं भाऊ? तिले समदं समजते."

मग तिनं बाहुली तनूच्या पाठीशी टेकवली आणि तिच्याशीच बोलू लागली. "हे पाय बेटा, उद्या तुले झोपेची दवा देतीन. मंग डॉक्टर तुह्यं दिल दुरुस्त करतीन. तुले काही समजनार नाही."

तनू हळूच वळली. "उठल्यावर दुखन?"

"हो, दुखन. त्याची बी दवा असते. दुखलं तं सांगजो. रडू आलं तं रडजो. लपवजो नको."

"अन् बाबा कुठी राहातीन?"

म्हातारीनं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. उत्तर मलाच द्यायचं होतं. मी म्हणालो, "दरवाज्यापर्यंत मी येईन. आत येऊ देत नाहीत. बाहेर बसून राहीन, उठनार नाही. तनू, मी तुले खोटं बोललो. मले भेव वाटत होतं."

तिनं बाहुली जवळ ओढली. मग म्हणाली, "मले बी." आणि तिनं माझं बोट धरलं.

त्यानंतर तिनं पेन मागून बाहुलीच्या छातीवर रेघ ओढली आणि सिस्टरकडून चिकटपट्टी घेऊन त्यावर लावली. आम्ही दोघं त्यात इतके रमलो की म्हातारी कधी उठून गेली ते कळलंच नाही. सिस्टरला विचारलं, तर आपण शेलूबाजारची एवढंच काय ते तिनं सांगितलं होतं.

सकाळी तनू बाहुली घेऊन आत गेली. दारात वळून म्हणाली, "बाबा, अथीच बसजा." मी बसलो. त्या सहा तासांत नाम एकदाही तुटलं नाही, आणि मी काही मागितलंही नाही. तिला जे खरं ते सांगून झालं होतं; बाकीचं माझ्या हातात नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. पण आजार संपला असं नाही. रोजची गोळी आहे, सहा महिन्यांनी तपासणी आहे, मोठेपणी हृदयातली एक झडप बदलावी लागेल. हेही आम्ही तिला सांगितलंय. शाळेत मैत्रिणींना ती स्वतःच सांगते.

तीनेक महिन्यांनी तिला घेऊन मी शेलूबाजारच्या बाजारात गेलो. बांगड्यांच्या एका गाड्यामागे ती म्हातारी दिसली. मी आभार मानू लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं. म्हणाली, "माह्या नातवाचं बी तसंच होतं भाऊ. त्याले सांगतलं, फिराले चाललो. तो आत गेला तो रुसूनच गेला. वापस आला नाही. त्या दिवशी मी त्याचे कागद न्यायले आल्ती. तुमची पोरगी तशीच भिताडाकडं तोंड करून दिसली, अन् माहे पायच हलले नाहीत."

ती कागद न्यायला आली, की तिला कुणी आणलं, याचा मी आता विचार करत नाही. माझ्याच्यानं जे बोलवलं नसतं, ते महाराजांनी त्या दुखावलेल्या बाईच्या तोंडून वदवलं, एवढंच मला कळतं. आपलं भय कबूल करावं आणि मोकळं व्हावं. शरण जाणं म्हणजे याहून वेगळं काही असेल असं मला वाटत नाही.

तिनं हिरव्या बांगड्या काढल्या आणि तनूचा हात हातात घेतला. बांगडी चढवता चढवता तिची बोटं मनगटावर थांबली. डोळे मिटून ती नाडी ऐकत राहिली. भोवती बाजाराचा गलका चालू होता. "चालून राह्यलं," ती हळूच म्हणाली, "चांगलं चालून राह्यलं."

माझे हात जोडलेले होते. खाली पाहिलं तर पायांत चपला नव्हत्या. त्या मी कधी काढल्या, मला आठवत नाही.