आबांना सापडलेली मालन

मी वैशाली. इस्लामपुरात आमचं मेडिकलचं दुकान आहे, मी आणि माझे मिस्टर दोघं मिळून चालवतो. सोळा वर्षं गोळ्यांच्या पाकिटातले ते बारीक अक्षरांचे कागद वाचण्यात गेली, त्यामुळे कुणी 'बाहेरचं झालंय' म्हणालं की मी आधी विचारते, औषधं कुठली चालू आहेत? माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण मागच्या जानेवारीत जे झालं ते मला कुठल्याच कागदात सापडलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

सासू-सासरे आमच्या गावाकडच्या वस्तीवर राहतात. दुकानापासून आठ-नऊ किलोमीटर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं अंगण, अंगणाच्या कडेला गोठा आणि त्याला लागून पत्र्याची वैरणीची खोली. मागच्या दाराबाहेर दहा पावलांवर ऊस सुरू होतो. शेजारचं घर अर्ध्या किलोमीटरवर.

सासरे, म्हणजे आबा, मिलिटरीत ड्रायव्हर होते. आठ वर्षांपासून पार्किन्सन्स. हात इतके थरथरतात की शर्टाची बटणं सासूबाई लावून देतात. चालताना पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. दिवाळीनंतर सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. त्यानं चालणं सुधारलं, पण आबांना घरात माणसं दिसायला लागली.

सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. कॉटच्या पायथ्याशी दोन बायका बसलेल्या असायच्या. आबा त्यांना पाणी द्यायला सांगायचे. मी सासूबाईंना समजावलं, "आई, हे गोळ्यांमुळं होतं. वाद घालू नका. पुढच्या तारखेला डॉक्टरांना सांगू." तारीख पंधरा दिवसांवर होती. फोन करून त्याच दिवशी विचारायला हवं होतं, हे मला आज कळतं.

मग एका रविवारी आम्ही वस्तीवर गेलो होतो. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या आणि आबांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"वैशाली, ही कोन हाय?"

"आई आहेत, आबा."

"दिसाय तशीच हाय. लुगडं बी तेच नेसती. पन ही मालन न्हाई."

मालन म्हणजे सासूबाईच. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झालेली. मी हसून विषय बदलला, पण आबांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडेच होती. ती नजर मला आवडली नाही. निघताना सासूबाई गाडीपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या हातचं खात न्हाईत गं. जेवनात इख घातलंय म्हनत्यात. आनि टक लावून बघत बसत्यात. मला भ्याव वाटतंय."

मी म्हणाले, "चार दिवस काढा आई, मग जाऊच सांगलीला."

चार दिवस निघाले नाहीत. मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता दुकानात माझा मोबाईल वाजला. आबांचा नंबर. त्यांना एक बटण दाबलं की मला फोन लागेल असं करून दिलं होतं.

"वैशाली, सापडली."

"कोण सापडली, आबा?"

"मालन. खरी. चुलीम्होरं बसलीया. तू ये, भाकरी खाऊन जा." आवाज किती दिवसांनी असा मोकळा लागला होता. मग म्हणाले, "त्या दुसरीला वैरनीच्या खोलीत कोंडलंय."

मी घाबरले, पण तेवढ्यात फोनमधून मागं आवाज ऐकू आला. थप्... थप्... थप्. भाकरी थापल्याचा. हा आवाज ओळखण्यात आमच्याकडची बाई चुकत नाही. मी हुश्श केलं. म्हणजे सासूबाई चुलीजवळ आहेत, ठीक आहेत, आणि आबांचं मनातलं चाललंय. तरीही मिस्टरांना दुकानात बसवून स्कूटी काढली.

अंगणात स्कूटी बंद केली आणि वैरणीच्या खोलीतून आवाज आला. बसका, थकलेला.

"वैशाली, आलीस का गं?"

दाराला बाहेरून कडी होती. मी काढली. सासूबाई कडब्याच्या पेंढीला टेकून बसल्या होत्या. केसांत पाचट, ओठ सुकलेले, पत्र्यावर मारून मारून तळहात लाल. सकाळी नऊला वैरण काढायला आत गेल्या आणि मागून आबांनी कडी घातली, तेव्हापासून तिथंच.

"तुम्ही आत्ता बाहेर नव्हता?" मी विचारलं.

"कुटनं असंन? तीन तास झालं वरडतीया."

मी घराकडं पाहिलं. मागच्या बाजूनं धूर निघत होता.

सासूबाईंनाही धूर दिसला. त्यांनी माझा दंड धरला. भर दुपारचं ऊन, लांब कुठं तरी ऊसतोड चालल्याचा आवाज, आणि आम्हा दोघींना स्वतःच्या घरात जायची भीती वाटत होती. मी पुढं, त्या माझ्या मागं, असं आम्ही आत गेलो.

चूल पेटलेली होती. तवा तापलेला. परातीत मळलेलं ओलं पीठ, एक भाकरी चुलीच्या तोंडाशी शेकायला उभी केलेली. आबा पाटावर बसून दुधात कुस्करलेली भाकरी चमच्यानं खात होते. स्वस्थ. आठवडाभर बिस्किटावर राहिलेला माणूस.

"आबा, भाकरी कुणी केली?"

"मालननं. आत्ता गेली न्हवं मागच्या दारानं, पानी आनाय."

मागचं दार सताड उघडं होतं. बाहेर ऊस. वारा नव्हता, पाला हलत नव्हता. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि पुढं पाऊल टाकायचं धाडस झालं नाही. दार लावून घेतलं.

मग सगळ्याला कारण शोधायच्या सवयीनं मी आबांचे हात पाहिले. नखांत पीठ नव्हतं. मनगटं कोरडी. हात नेहमीसारखे थरथरत होते, चमच्यातलं दूध सदऱ्यावर सांडत होतं. या हातांनी भाकरी थापली असेल? आणि आबांनी जन्मात चूल पेटवलेली नाही.

सासूबाईंनी ती उभी केलेली भाकरी उचलली, उलटसुलट करून पाहिली. कडेला अंगठ्याचा एक दाब होता. त्यांनी त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला आणि भाकरी खाली ठेवली.

"माझ्या हातची हाय," एवढंच म्हणाल्या.

आबा त्यांच्याकडं बघून आक्रसले. "हिला कुनी सोडलं?"

त्याच दुपारी आम्ही गाडी करून त्यांना सांगलीला नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. लघवीत इन्फेक्शन निघालं. ते आणि वाढवलेल्या गोळ्या, दोन्ही मिळून असं होतं, म्हणाले. या आजारात माणसं दिसणं, घरचंच माणूस बदललंय असं वाटणं हे त्यांना नवीन नव्हतं. गोळ्या त्यांनी हळूहळू कमी केल्या, एक नवी सुरू केली. मी भाकरीचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "त्यांना काय दिसलं ते मी समजावू शकतो. भाकरी कुणी केली ते मला विचारू नका."

आबांची बहीण, आमच्या आत्याबाई, देवऋषीकडं न्या म्हणत होत्या. आम्ही गेलो नाही. तुमच्याही घरी असं कुणाला होत असेल तर लपवू नका आणि तारखेची वाट बघू नका, डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

मिस्टरांनी आसपासच्या सगळ्यांना विचारलं. त्या दिवशी आमच्या वस्तीवर कुणीच आलं नव्हतं. फोनवर तू दुसराच कसला तरी आवाज ऐकला असशील, असं ते मला म्हणतात. भाकरी त्यांनी पाहिली नाही. सासूबाईंनी ती चुलीत घातली होती.

तीन आठवड्यांत आबांना माणसं दिसायची थांबली. एका सकाळी सासूबाई बटणं लावत असताना त्यांनी विचारलं, "मालन, तुला मी कोंडलं व्हतं व्हय?"

"न्हाई वो. कडी आपसूक पडली."

आबा रडले.

आता ते बरे आहेत, म्हणजे या आजारात जेवढं बरं असता येतं तेवढं. सासूबाईंनी मात्र चूल बंद केली. भाकरी गॅसवर करतात, मागच्या दाराला कडी घालून.

गेल्या महिन्यात आम्ही दोघीच शेंगा फोडत बसलो होतो. मी विचारलं, आई, तीन तास त्या खोलीत काय करत होता?

"आदी वरडले. मग गप बसले," त्या म्हणाल्या. "घरातनं हाक ऐकू आली म्हनून."

"कुणाची?"

"आवं, जेवाय चला, म्हनाली. आवाज माझा व्हता, वैशाली. मी आत बसून मलाच ऐकत व्हते. तवा मला वाटलं, हे म्हनत्यात ते खरं असंल. मीच दुसरी असंन."

मी त्यांचा हात धरला.